टोमॅटोवरचा 'व्हायरस' नेमका कोणता? भाजीपाल्यातले विषाणू ओळखायचे कसे?

शिवारातला_नाना | १८ मे, सकाळी ७:५२

राम राम मंडळी. अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटो करतो. उन्हाळी लागवड आहे, मल्चिंग, ठिबक, तार-बांबू सगळं वेळच्या वेळी केलेलं. सुरुवातीचे तोडे चांगले निघाले आणि मग प्लॉट बिघडत गेला.

क्रेट भरताना बघतो तर एकाच फळावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग. कापलं की आतला गर पांढरट, कडक. काही झाडांचे शेंडे तपकिरी पडून करपलेत आणि त्यांच्या कोवळ्या पानांवर एकात एक अशी गोल कडी उमटलीत. आणि उसाच्या बाजूच्या ओळींत पानाचं पातंच राहिलेलं नाही, नुसत्या शिरा लोंबतायत.

दुकानात फोटो दाखवला तर "व्हायरस आलाय" म्हणून एक किट हातात दिलं. शेजारी म्हणतो २०२० सारखा तिरंगा आहे. पाहुणे म्हणतात बोकड्या. मला आत्ता औषधापेक्षा नाव हवंय. बाजारात भाव आहे, माल झाडावर आहे, त्यामुळे काय उपटायचं आणि काय ठेवायचं हे लवकर ठरवावं लागेल. जाणकारांनी सांगावं.

बांधावरून | १८ मे, सकाळी ८:३०

नाना, फोटो टाका. शेंड्याचा जवळून आणि अख्ख्या ओळीचा लांबून, असे दोन्ही.

फलटणकर_पाटील | १८ मे, सकाळी ९:१५

२०२०च्या उन्हाळ्यात आमच्याकडेही हेच झालं होतं. नारायणगाव, संगमनेर, अकोले, सगळीकडून तक्रारी होत्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने गेले आणि त्यात प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू निघाला, सोबत आणखीही काही विषाणू होते. पण ती बातमी गावात पोचायच्या आत दुसरीच पसरली, की हा टोमॅटो खाल्ला तर माणसाला काहीतरी होईल. कोरोनाचे दिवस, लोक आधीच घाबरलेले. चांगल्या मालालाही गिऱ्हाईक मिळेना. आजही कुणी 'तिरंगा व्हायरस' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही, हे कृपया प्रत्येकाने आपल्या घरात आणि बाजारात सांगावं.

हरितकण | १८ मे, दुपारी १:०५

नाना, तुमच्या एकाच वर्णनात मला निदान तीन वेगळ्या गोष्टी दिसतायत. त्यामुळे सगळ्या प्लॉटला मिळून एकच नाव मिळेल असं धरून चालू नका.

मी वनस्पती रोगशास्त्रात काम करते, तेही विषाणूंवरच. फोटो बघून विषाणूचं नाव मी सांगत नाही आणि कुणी सांगितलं तर त्या जोरावर खर्च करू नका. पण प्लॉटमध्ये नीट फिरलं तर शक्यता बऱ्याच कमी करता येतात.

आधी अख्खा प्लॉट बघा, मग झाड, मग पान. विषाणूची झाडं बहुधा विखुरलेली असतात. एक आजारी, त्याच्या शेजारचं ठणठणीत, थोडं पुढे गेलं की पुन्हा एक. बांधाच्या कडेला जास्त आणि आत कमी असंही दिसतं, कारण कीड बाहेरून येते. अन्नद्रव्याची कमतरता पट्ट्यात दिसते, ठिबकच्या एका लाइनवर किंवा चुनखडीच्या तुकड्यात. आणि तणनाशकाचा वारा लागला असेल तर एका बाजूची सगळी झाडं एकदमच बिघडतात आणि आत जावं तसा त्रास कमी होत जातो. उसाकडच्या ओळींबद्दल तुम्ही लिहिलंय, तिथे हे आवर्जून बघा.

मग कोवळं पान तोडून उन्हाकडे धरा. मोझॅकमध्ये गडद आणि फिकट हिरवी ठिगळं वेडीवाकडी पसरलेली असतात, पानाच्या एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. लोहाची कमतरता असेल तर शिरा हिरव्यागार आणि मधली जागा एकसारखी पिवळी, दोन्ही बाजूंना सारखीच.

तिरंगी फळाबद्दल एक महत्त्वाचं. फळ असमान पिकायला विषाणूच लागतो असं नाही. तापमान बत्तीस अंशांच्या वर टिकून राहिलं की टोमॅटोत लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि पिवळा रंग तसाच राहतो. पालाश कमी पडलं तरी खांदे हिरवे-पिवळे आणि कडक राहतात. पांढऱ्या माशीने खूप रस शोषला तरीही फळ ठिगळं-ठिगळं पिकतं. म्हणून नुसत्या फळावरून निदान करायचं नाही. त्याच झाडाच्या शेंड्याकडे बघायचं.

शिवारातला_नाना | १८ मे, रात्री ९:४०

हरितकण ताई, सविस्तर लिहिलंत, आभार. संध्याकाळी फिरून बघितलं. करपलेल्या शेंड्याची झाडं विखुरलेलीच आहेत. तिरंगी फळांच्या काही झाडांना शेंड्याकडची पानं अरुंद आणि चट्ट्यापट्ट्याची, काहींना पानं अगदी नीट. उसाकडच्या ओळी मात्र सरसकट खराब, एकही झाड सुटलेलं नाही. ऊस शेजाऱ्याचा आहे आणि त्याने तणनाशक मारलंय हे खरं.

दुकानदार म्हणाला, "नाव कळून काय करणार? फवारणी तीच."

हरितकण | १९ मे, सकाळी ११:२०

"फवारणी तीच" हे वाक्य मी गावोगावी ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण भाजीपाल्यात विषाणूमुळे जो पैसा वाया जातो त्यातला बराचसा या एका समजुतीमुळे जातो. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध आज दुकानात मिळत नाही. तुम्ही जे मारता ते विषाणू वाहून आणणाऱ्या किडीवर. मग ती कीड कोणती आणि ती विषाणू कसा वाहते हे कळल्याशिवाय फवारणी ठरवणार कशी? विषाणूंचं वर्गीकरण शेतकऱ्याच्या कामाचं आहे ते इथे. विषाणूचा गट कळला की त्याचा वाहक कळतो.

काकडी मोझॅक घ्या. हा कुकुमोव्हायरस गटातला. १९१६ साली अमेरिकेत काकडीवर त्याची नोंद झाली म्हणून ते नाव, पण त्याला बाराशेहून जास्त जातींच्या वनस्पती चालतात. टोमॅटो, मिरची, केळी, फुलझाडं, बांधावरचं तण, काहीही. तो माव्यामार्फत पसरतो. मावा पानावर बसतो, चव बघायला सोंड टोचतो आणि तेवढ्या काही सेकंदांतच विषाणू त्याच्या सोंडेला लागतो. पुढच्या झाडावर तशाच काही सेकंदांत उतरतो. कीटकनाशक त्या माव्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. उलट काही औषधांनी मावा बिथरतो आणि जास्त झाडांवर उडतो. इथे उपयोगी पडतात ते चंदेरी मल्चिंग, खनिज तेलाची फवारणी आणि प्लॉटभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर सोंड टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच संपतो.

आता टोमॅटोचा लीफ कर्ल, ज्याला आपण बोकड्या म्हणतो. हे बेगोमोव्हायरस, जेमिनी कुळातले. जोडून ठेवलेल्या दोन गोळ्यांसारखा कण, आत गोलाकार एकेरी डीएनए. वाहक पांढरी माशी. पण माशीला विषाणू घ्यायला काही मिनिटं नीट रस प्यावा लागतो, मग तो तिच्या शरीरातून फिरून लाळेत यायला काही तास जातात आणि त्यानंतर ती बराच काळ तो पसरवत राहते. म्हणजे इथे माशीची संख्या कमी ठेवण्याला अर्थ आहे आणि रोपवाटिकेत पन्नास मेशची जाळी लावण्याला तर फारच अर्थ आहे. रोप लहानपणी वाचलं तर पीक वाचतं.

करपलेला शेंडा आणि पानावरची कडी बघून मला ऑर्थोटॉस्पो गटाची शंका येते. आपल्याकडे त्यातला मुख्य म्हणजे भुईमुगावर शेंडेमर करणारा विषाणू. तो टोमॅटोवर मोठ्या प्रमाणात येतो, मूग-उडदावरही येतो. वाहक फुलकिडे. याची एक खासियत आहे. फुलकिड्याने पिल्लावस्थेत विषाणू घेतला तरच तो मोठेपणी पसरवू शकतो. हा विषाणू किड्याच्या शरीरातही वाढतो, म्हणून एकदा बाधित झालेला किडा जन्मभर वाहक. मोठ्या फुलकिड्याने आजारी झाडावर येऊन रस प्याला तर तो पसरवत नाही. पण आजारी झाडावर पिल्लं वाढली तर तीच उद्याची वाहक. म्हणूनच अशी झाडं दिसली की लगेच काढायची.

टोबॅमो गटाची गोष्ट चौथी. तंबाखू मोझॅक, टोमॅटो मोझॅक. यांना पसरायला किडीची गरजच नाही. हात, विळा, सुतळी, बांबू, बियाणं, जुना पालापाचोळा यांवरून जातात. तंबाखू मळून तसेच झाडाला हात लावले तरी जातात. हा निघाला तर कीटकनाशकाचा एक थेंबही उपयोगाचा नाही. साबणाने हात धुणं आणि बांधणीच्या वेळी आजारी ओळ शेवटी घेणं हाच उपाय.

आता सांगा, या चौघांना एकच किट कसं चालेल?

बांधावरून | १९ मे, दुपारी १२:०२

हा प्रतिसाद छापून कृषी सेवा केंद्राच्या दारावर लावायला हवा. वाचनखूण साठवली.

म्हापशाची_मिताली | १९ मे, दुपारी ३:३५

माझी शेती नाही, गच्चीवर मिरची आणि वांगी लावते. मिरचीची पानं मुरडली की इथले लोकही लगेच व्हायरस म्हणतात. वांग्याच्या एका झाडाला तर इतकी बारीक पानं आलीत की झुडूप दिसतं, फूल नाही फळ नाही. हे दोन्ही व्हायरसच का?

हरितकण | १९ मे, सायंकाळी ६:१०

मिताली, मिरचीत घाई नको. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं असेल तर आधी फुलकिडे बघा. फुलाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, बारीक चालणारे किडे पडतील. कडा खाली वळल्या असतील, उलटी होडी, देठ लांबलेले आणि पान खालून तपकिरी चकाकतंय, तर तो पांढरा कोळी. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. दोन्ही गोष्टी औषधाने आटोक्यात येतात आणि नवी पालवी सरळ येते. विषाणूचा चुरडा-मुरडा असेल तर पान लहान होतं, शिरा फुगतात, पेरं आखूड होऊन शेंडा गुच्छासारखा दिसतो आणि कीड मेली तरी नवं पान तसंच येतं. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीवर फुलकिड्यांची नवी जात आली, तेव्हाही कितीतरी प्लॉट सुरुवातीला व्हायरस म्हणूनच गणले गेले.

वांग्याचा तो पर्णगुच्छ. तो विषाणू नाहीच. फायटोप्लाझ्मा नावाचा, भिंत नसलेला जिवाणूच्या जातीचा जीव आहे आणि तो तुडतुड्यांमार्फत येतो. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी अशा रोगी झाडांच्या अन्नरस वाहिन्यांत हे जीव इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तोपर्यंत जगभर या रोगांना विषाणूचेच रोग समजत. झाड काढून टाका, त्याला फळ लागणार नाही.

परभणीचा_मास्तर | २० मे, सकाळी ६:४८

धागा फार चांगला चाललाय. भेंडीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही, कारण हा रोग आपल्याच मातीत पहिल्यांदा नोंदला गेला. भेंडीचा हळद्या, म्हणजे पिवळ्या शिरांचा मोझॅक. १९२४ मध्ये कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचं मांडलं. त्या काळात यंत्रं नव्हती. आजारी भेंडीची काडी निरोगी भेंडीवर कलम करायची, पांढरी माशी आजारी झाडावर बसवायची आणि मग निरोगी झाडावर सोडायची, आणि वाट बघायची. एवढ्यावर त्यांनी रोगाचं स्वरूप ओळखलं.

पुढे पुसा सावनी वाण आला, काही वर्षं टिकला आणि मग रोगाला बळी पडू लागला. मग आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा रानटी भेंडीशी संकर करून १९८० च्या दशकात परभणी क्रांती दिला. घरोघरी हा वाण गेला. आज त्याच्यावरही हळद्या येतो. विषाणू बदलत राहतो.

अलीकडे भेंडीत आणखी एक प्रकार दिसतो. पान पिवळं नसतं पण खालून बोट फिरवलं तर शिरांवर उंचवटे लागतात, बारीक पालवी फुटल्यासारखे. देठ आणि खोड पिळवटलेलं. तो पानं वळवणारा वेगळा बेगोमोव्हायरस आहे, हळद्या नव्हे. नुसतं वरून पाहिलं तर कळत नाही, पान उलटून हात लावावाच लागतो.

कऱ्हेकाठचा | २० मे, सकाळी १०:२५

मास्तर, छान माहिती. मला एक कळत नाही. टोमॅटो लीफ कर्ल एकच रोग, मग त्याला न्यू दिल्ली, बंगळुरू, गुजरात, पालमपूर अशी इतकी नावं कशी? आणि आता तर लॅटिन नावं पण आलीत म्हणे. शास्त्रज्ञांनी सोपं करायचं की अवघड?

हरितकण | २० मे, दुपारी २:१५

प्रश्न रास्त आहे, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८८६ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला आडोल्फ मायरने तंबाखूच्या चट्टेरी रोगाला मोझॅक म्हटलं. १८९२ मध्ये इवानोव्स्कीने दाखवलं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही तो रस रोग देतो. १८९८ मध्ये बायरिंकने हे जिवाणूपेक्षा वेगळं काहीतरी आहे असं ठामपणे मांडलं. स्टॅन्लीने १९३५ मध्ये तंबाखू मोझॅकचे स्फटिक केले आणि १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याचा दांडीसारखा कण दिसला. तोपर्यंतची सगळी वर्षं विषाणूला नाव द्यायला हातात काय होतं? पीक आणि लक्षण. काकडीवर चट्टे म्हणून काकडी मोझॅक. तोच विषाणू दुसऱ्या पिकावर दिसला की दुसरं नाव. एकाच विषाणूला अनेक नावं आणि एकाच नावाखाली अनेक विषाणू, असा गोंधळ माजला.

मग सूचक झाडं वापरात आली. होम्सने १९२९ मध्ये दाखवलं की तंबाखूच्या एका रानटी भावंडाच्या पानावर तंबाखू मोझॅकचा रस चोळला तर मोजता येतील असे ठिपके उठतात. आजही आम्ही हे करतो. शेंडेमरचा रस चवळीच्या कोवळ्या पानावर चोळला की काही दिवसांत तांबूस गोल डाग येतात. स्वस्त, सोपी आणि डोळ्यांना दिसणारी चाचणी आहे, मला ती अजूनही फार आवडते. १९७७ मध्ये एलायझा चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी आली आणि शेकडो नमुने एकदम तपासता येऊ लागले. तिच्यात विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिद्रव्यं असतात. पण बेगोमोव्हायरसांची प्रथिनं एकमेकांशी इतकी जुळतात की एलायझा सांगते "बेगोमो आहे", कोणता ते सांगत नाही. तिथे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणारी चाचणी, आणि डीएनएची अक्षरं वाचणं लागतं.

आता तुमचा प्रश्न. विषाणूंची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६६ पासून आहे. बेगोमोव्हायरससाठी तिचा नियम असा की मुख्य डीएनए तुकड्याची, म्हणजे डीएनए-ए ची अक्षरं आधीच्या सगळ्या जातींशी ९१ टक्क्यांपेक्षा कमी जुळली तर नवी जात. टोबॅमोसाठी ही रेषा ९० टक्क्यांवर आहे, पोटीव्हायरस या आणखी एका गटासाठी ७६ वर. म्हणजे प्रत्येक गटाचा मापदंड वेगळा. न्यू दिल्लीच्या विषाणूत डीएनएचे दोन तुकडे असतात, बंगळुरूच्या विषाणूत एकच. शेतात दोघांचीही पानं वळतात. वाण निवडताना मात्र फरक पडतो, कारण टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ ही प्रतिकार जनुकं सगळ्या लीफ कर्ल विषाणूंना सारखी आवरत नाहीत. एखादा 'व्हायरस सहनशील' वाण एका जिल्ह्यात टिकतो आणि दुसऱ्यात पडतो, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

गावाचं नाव म्हणजे विषाणूचा पत्ता नव्हे. न्यू दिल्लीचा विषाणू २०१२ मध्ये स्पेनमध्ये निघाला, तोही झुकिनीवर, आणि तिथून भूमध्य समुद्राकाठी पसरला.

लॅटिन धर्तीची दोन शब्दी नावं आता अधिकृत आहेत. न्यू दिल्लीचा झाला बेगोमोव्हायरस सोलॅनमडेल्हिएन्स. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे नाव वाचताक्षणी पांढरी माशी हे उत्तर मिळतं. मला हा बदल चांगला वाटतो. शेतात तुम्ही जुनंच नाव वापरा, अडत नाही.

रोपवाली_सिन्नर | २० मे, रात्री ८:५५

माझी रोपवाटिका आहे. रोगाचा दोष बहुतेक वेळा रोपांवर येतो म्हणून माझ्या बाजूनेही लिहिते. जाळी पन्नास मेशची, दोन दारं, पिवळे आणि निळे चिकट सापळे, ट्रे आणि हात धुण्याची सोय, एवढं केलं तर माशी आणि फुलकिडे रोपाला गाठत नाहीत. पण माझं रोप स्वच्छ गेलं आणि शेताच्या बांधावर जुनं मिरचीचं खोड उभं असेल तर आठवड्यात ते रोप आजारी होतं. गिऱ्हाइकाने रोप घेताना जाळी बघावी आणि आपला बांधही बघावा.

एक विचारायचंय. चाचणीच्या पट्ट्या मिळतात, शेतात लगेच निकाल. त्या भरवशाच्या आहेत का?

हरितकण | २१ मे, सकाळी ९:३०

ज्या विषाणूची पट्टी आहे त्याच विषाणूपुरत्या. काकडी मोझॅक आणि टोबॅमो गटासाठी त्या चांगल्या चालतात. पण एक खाच आहे. बाहेरच्या देशांत टोमॅटोवर स्पॉटेड विल्टचा ऑर्थोटॉस्पोव्हायरस असतो, त्याची पट्टी सहज मिळते. आपल्या शेंडेमरच्या विषाणूचं प्रथिन त्याच्यापेक्षा बरंच वेगळं आहे, त्यामुळे ती पट्टी आपल्या आजारी झाडावर कोरीच राहू शकते. पट्टी कोरी म्हणजे झाड निरोगी, असं समजू नका.

नाना, तुम्ही नमुने पाठवाच. जवळच्या कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रामार्फत. नमुना कसा घ्यायचा ते सांगते, कारण बरेच नमुने आमच्या टेबलावर कुजूनच येतात. लक्षण दिसणारी कोवळी पानं घ्यायची, वाळलेली नाहीत. करपलेल्या भागात विषाणू सापडत नाही, करपलेल्याच्या शेजारचा हिरवा भाग हवा. प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी. पानं ओली करायची नाहीत, कोरड्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पिशवीत घालायची आणि थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या थैल्यांसोबत ठेवायची, बर्फ पानाला टेकू द्यायचा नाही. डीप फ्रीजरमध्ये तर ठेवूच नका. सोबत एका निरोगी झाडाचं पानही पाठवा, तुलनेसाठी लागतं. वाण, लागवडीची तारीख, शेवटच्या फवारण्या, ओळीचा आणि झाडाचा फोटो. शनिवारी-रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहील असं पाठवू नका. आणि उसाकडच्या ओळींतली पानंही वेगळी पिशवी करून पाठवा.

फलटणकर_पाटील | २१ मे, सकाळी १०:१०

उसाकडच्या ओळींबद्दल माझं मत सांगतो. ते २,४-डी हे तणनाशक असणार. आमच्याकडे ऊस आणि भाजीपाला बांधाला बांध आहे, हे दर वर्षी कुणाच्या तरी प्लॉटला होतं. पान अरुंद होतं, शिरा एकमेकींना समांतर येतात, देठ खाली वळतो आणि खोड पिळतं. काकडी मोझॅकमध्येही पातं नाहीसं होऊन दोरी उरते, म्हणून गफलत होते. पण विषाणूच्या झाडात ठिगळं असतात आणि शेजारचं झाड नीट असतं. तसंच तणनाशकाचा पंप धुऊन टोमॅटोला वापरला तरी हेच होतं. त्या औषधासाठी पंपच वेगळा ठेवावा.

शिवारातला_नाना | ४ जून, रात्री ८:२०

मंडळी, अहवाल आला. विद्यापीठातल्या मॅडमनी फोनवर समजावूनही सांगितलं.

करपलेल्या शेंड्यांच्या झाडांत शेंडेमरचा विषाणू निघाला. अरुंद, चट्ट्यापट्ट्याची पानं आणि तिरंगी फळं ज्या झाडांना होती त्यांत काकडी मोझॅक. एका नमुन्यात दोन्ही एकत्र. टोमॅटो मोझॅक कुठेच नाही, लीफ कर्लही नाही. आणि पानं नीट असून फळं तिरंगी होती त्या झाडांत काहीच सापडलं नाही. तिथलं माती आणि देठ परीक्षण करायला सांगितलंय, पालाश आणि उष्णतेचा विषय असावा म्हणाल्या. उसाकडच्या ओळीतही विषाणू नाही. पाटील, तुमचं बरोबर निघालं. शेजाऱ्याशी बोललो, त्याने ऐकून घेतलं, पुढच्या वेळी वारा बघून आणि सांगून मारणार.

म्हणजे जे किट मी घेतलं होतं ते यांतल्या एकाही गोष्टीवर चाललं नसतं.

शेंडेमरची झाडं काढून खड्ड्यात पुरली. काकडी मोझॅकची काय करू? त्यांना अजून फळं आहेत.

हरितकण | ५ जून, सकाळी ८:०५

नाना, अहवाल इथे टाकलात याचं फार बरं वाटलं. एकाच प्लॉटमध्ये दोन विषाणू, एक तणनाशक आणि एक पोषणाचा प्रश्न, हे चित्र आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. पण ते कागदावर क्वचितच येतं.

पीक शेवटाला आलंय. काकडी मोझॅकच्या झाडांवरचा विकाऊ माल काढून घ्या आणि ती झाडंही हलवा, कारण पावसाळी लागवड जवळ आलीय आणि मावा तुमच्याच प्लॉटमधून पुढच्या रोपांवर जाईल. बांधावर केना आहे का बघा. निळ्या फुलांचं, ओलीत पसरणारं ते तण काकडी मोझॅक वर्षभर सांभाळून ठेवतं आणि झाडावर बाहेरून काही दिसतही नाही. ओसाडी असेल तर ती बेगोमोव्हायरसची आश्रयदाती. गाजर गवताच्या फुलांत फुलकिडे भरपूर असतात. ही तिन्ही तणं नवी रोपं यायच्या आधी गेली पाहिजेत, नंतर काढली तर किडी तिथून उठून टोमॅटोवरच येतील.

आणि लागवडीच्या आधीच भोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा, म्हणजे रोप लावाल तेव्हा मका गुडघ्याएवढा असेल. एकाच वेळी लावला तर उपयोग नाही.

परभणीचा_मास्तर | ५ जून, सकाळी ९:१२

हरितकण, तो चवळीच्या पानावरचा प्रयोग शाळेत करता येईल का? बारावीच्या मुलांना दाखवायचा आहे.

हरितकण | ५ जून, दुपारी १२:४०

नक्की येईल. चवळी कुंडीत पेरा, पहिली दोन पानं उघडली की वापरायची. आजारी टोमॅटोचं कोवळं पान थंडगार खलबत्त्यात फॉस्फेट बफर घालून वाटायचं, बफरमध्ये चिमूटभर सोडियम सल्फाइट घालायचं. चवळीच्या पानावर कार्बोरंडमची बारीक, खरखरीत पूड भुरभुरून तो रस हलक्या बोटाने चोळायचा आणि लगेच पाण्याने धुवायचं. सगळं थंड आणि झटपट, कारण हा विषाणू रसात फार वेळ तग धरत नाही. दुसऱ्या कुंडीत नुसता बफर चोळा, तुलनेसाठी. झाल्यावर झाडं जाळून टाका.

शिवारातला_नाना | ५ जून, रात्री ९:०५

केना आहे, भरपूर आहे, पाटाच्या कडेने सगळा तोच. उद्या मजूर लावून मुळासकट काढतो, तोडला तर पुन्हा फुटतो. मका या आठवड्यात पेरतो. रोपवाली ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, जुलैच्या लागवडीसाठी रोपं हवीत, आधी येऊन जाळी बघून जाईन. मास्तर, चवळीसाठी आजारी पान लागलं तर पुढच्या हंगामात सांगा, या वेळची सगळी झाडं पुरून टाकलीत.